‘संभाव्य’ हा शब्द गाळू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘दुसऱ्या दीर्घिकेत ग्रह सापडला’ हे आपल्या रविवार पुरवणीतले शीर्षक वाचून माझी नात पेपर घेऊनच स्वयंपाकघरात आली. इंदुरात तिची शाळा हिंदी-इंग्रजीतली, मराठी वाचन काय ते आपल्या अंकातून. म्हणूनच वाईट वाटले. संशोधकांनी जपून वापरलेला ‘संभाव्य’ हा शब्द बातमीत कुठेच नव्हता.

हा ग्रह एम ५१ या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या दुसऱ्या महासमूहात, असावा. आमच्या गच्चीवरून सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची दिसतो, त्याच्याच दिशेला, पण सुमारे २ कोटी ८० लाख प्रकाशवर्षे दूर. तिथे एक तारा आणि एक कृष्णविवर (किंवा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मृत ताऱ्याचा अतिघन गाभा) एकमेकांभोवती फिरतात. ताऱ्याचा वायू ओढला जाताना इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. २० सप्टेंबर २०१२ रोजी ‘चंद्रा’ या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीला हे किरण मंदावत पूर्ण थांबलेले आणि पुन्हा सुरू झालेले दिसले. सगळा प्रकार तीनेक तासांचा.

पूर्ण कसे थांबले? मी ३१ वर्षे विज्ञान शिकवले, पण नातीला समजावायला देवघरातली सुपारीच कामी आली. खोलीभर अंतरावरून ती ट्यूबलाइटसमोर धरली, तर उजेड होता तसाच. मग दिवे मालवून, एक डोळा मिटून निरांजनासमोर धरली. ज्योत गडप! नेहमीचा तारा मोठा, ग्रह आडवा आला तरी जेमतेम मंदावतो. क्ष-किरणांची ती जागा मात्र इतकी लहान, की शनीएवढा ग्रहही ती अख्खी झाकतो.

खगोलशास्त्रज्ञ रोझान डी स्टेफानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. वायू-धुळीचा ढग आडवा आला असेल का, तेही तपासले. ते नोंदींशी जुळेना. तरी त्यांनी ‘संभाव्य’च म्हटले, कारण खात्रीसाठी ग्रह पुन्हा आडवा यायला हवा आणि त्याची एक फेरी सुमारे ७० वर्षांची असावी. माझी नात २०१२ सालचीच. तेव्हा ती सत्तरीची असेल.

येत्या रविवारी चार ओळींचा खुलासा छापावा, ही कळकळीची विनंती. बातमीचे कात्रण तिने वहीत चिकटवले आहे आणि खुलाशासाठी शेजारी जागा सोडली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
रामबाग, इंदूर