स्टॉप ऐकल्यावर

प्रिय सुधा,

सप्रेम नमस्कार.

तू एअर रायफल शिकायला जाणार, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसले. उभं कसं राहायचं, श्वास कुठे रोखायचा, हे प्रशिक्षक शिकवतीलच. मला तुझ्याशी फक्त रेंजवरचे अधिकारी हुकूम म्हणून देतात त्या चार शब्दांबद्दल बोलायचंय: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड.

लोड म्हणजे छर्रा भरायची परवानगी, झाडायची नव्हे. ती स्टार्टनंतर मिळते. लोडच्या आधी नळी रिकामी हवी आणि तिच्यात सेफ्टी फ्लॅग, म्हणजे भडक रंगाची दोरी, हवी. एअर रायफलची फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीची असते, म्हणजे नळीत काही नाही हे लांबूनही कुणालाही दिसतं. अनलोडही सोपंच आहे: रायफल रिकामी करायची, ती अधिकाऱ्याला दाखवायची, फ्लॅग परत घालायची.

अवघड आहे तो स्टॉप.

मी नवखी असतानाची गोष्ट. आमच्या रायफलींचा चाप दोन टप्प्यांचा होता. पहिला टप्पा सैल जातो, दुसऱ्यावर बोट टेकलं की अगदी थोडा दाब उरतो. मी तिथेच होते, नेम स्थिर होता, आणि "स्टॉप!" ऐकू आलं. शब्द कळला, तरी माझं बोट दाबलं गेलं. दोन लेन पलीकडचा एक मुलगा खाली पडलेला कागद उचलायला, आपण जिथून नेम धरतो त्या रेषेच्या पुढे गेला होता. त्याला काही झालं नाही. छर्रा माझ्याच कागदावर, दहाच्या वर्तुळात लागला होता आणि क्षणभर मला आनंद झाला. सुधा, तो आनंद मला आजही टोचतो. अधिकारी ओरडले नाहीत. "खाली ठेवा आणि मागे या," एवढंच म्हणाले.

स्पर्धेत स्टॉपनंतरचा शॉट शून्य धरतात. पण गुणांचं सोडून दे. निर्णय डोक्यातून बोटात उतरला की तो मागे घेणं शरीराला जड जातं, आणि नेमकं तेच शिकावं लागतं. म्हणून मी अजूनही प्रत्येक सरावात काही शॉट मुद्दाम सोडते. नेम चांगला असला तरी बोट चापावरून काढते, रायफल खाली घेते, पुन्हा सुरुवात करते. तूही पहिल्या दिवसापासून हे कर. बोट बाहेर आधी, बाकी सगळं नंतर. आणि रेषेपुढे कुणी जाताना तुला दिसलं, तर स्टॉप तूच ओरड. अधिकाऱ्यांची वाट पाहू नकोस.

माणसं पुढे असताना रायफलला हातही लावायचा नाही, नेम धरायच्या साइटचा स्क्रू फिरवायलासुद्धा नाही. मागे येऊन उभं राहायचं.

अजून एक. कुणी हाक मारली की माणूस खांद्यांसकट वळतो आणि हातातलं हत्यारही वळतं. तुझी फक्त मान वळू दे. शॉट सुटला नाही तर "हे बघा काय झालं" म्हणत मागे फिरू नकोस. नळी लक्ष्याकडेच ठेव, मोकळा हात वर कर, अधिकारी तुझ्यापाशी येतील. पुढे कधी पॉइंट टू टू, म्हणजे दारूच्या गोळीची रायफल, हातात आली आणि घोडा पडूनही गोळी सुटली नाही, तर नळी तशीच समोर धरून किमान अर्धा मिनिट थांब. काही वेळा दारू उशिरा पेट घेते.

कानावर मफ असतात, शेजारी आवाज चालू असतो. शब्द नीट ऐकू आला नाही तर स्टॉपच होता असं धर आणि थांब. अधिकाऱ्यांना पुन्हा विचारायला लाजू नकोस.

पहिला दिवस झाला की मला सविस्तर लिही. किती गुण पडले ते नको. स्टॉप किती वेळा झाला आणि तेव्हा तुझं बोट कुठे होतं, ते लिही.

तुझी,
वसुधा