गोदाकाठच्या मित्रास

थेटफर्ड, नॉर्फोक
रविवार

प्रिय अव्या,

फोनवर आपलं बोलणं नेहमी घाईतच उरकतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

बंड्या मजेत आहे. संध्याकाळी त्याला बार्नहॅम क्रॉस कॉमनवर नेतो. नाव भारदस्त, पण आहे तो वाळूचा माळ. खुरटं गवत, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं आणि पावलोपावली सशांची बिळं. थेट आपला सिन्नरकडचा पडीक माळ! राखीव जागा आहे; मार्च ते जुलै पक्षी जमिनीवर घरटी करतात, तेव्हा कुत्रा पट्ट्यावरच ठेवायचा. बंड्याला हा कायदा साफ नामंजूर आहे. बिळात डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतो, फुरफुरतो, मग वाळूने माखलेलं नाक माझ्याच पँटला पुसतो.

जाताना नदीतल्या बटन बेटावर थांबतो. तिथे महाराजा दुलीपसिंगांचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा आहे. 1999 मध्ये चार्ल्सने, म्हणजे आताच्या राजाने, त्याचं अनावरण केलं. लांबलांबून शीख मंडळी येतात. मागे एका सरदारजींनी बंड्याचे कान कुरवाळत माझं गाव विचारलं. नाशिक म्हटल्यावर म्हणाले, "मग राणी जिंदां तुमचीच की!"

अव्या, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं होतं का रे? दुलीप हा पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांचा मुलगा. 1849 मध्ये, दहाव्या वर्षी त्याचं राज्य गेलं, कोहिनूरही गेला. पुढे इंग्लंडला आणलं. इथून जवळच एल्व्हडनला त्याने मोठी जहागीर घेतली आणि शिकारीत जीव रमवला. 1876 मध्ये एका दिवसात 780 तितर मारल्याची नोंद आहे. पुतळ्यातला आवेशी योद्धा मला त्यामुळे जरा खोटाच वाटतो. मुलगा फ्रेडरिक मात्र मला आवडतो. त्याने थेटफर्डमधलं एक जुनं लाकडी घर विकत घेऊन गावाला म्युझियमसाठी देऊन टाकलं.

दुलीपची आई जिंद कौर, म्हणजेच ती राणी जिंदां, 1863 मध्ये लंडनला वारली. दुसऱ्या वर्षी तो तिचा देह घेऊन मुंबईला आला, पण पंजाबात जायला मनाई. राज्य घेतलंत ते घेतलंत, मेलेल्या बाईची कसली भीती? शेवटी आपली गोदावरीच कामी आली. काठावर समाधी झाली. 1924 मध्ये नात बांबा हिने अस्थी लाहोरला, रणजितसिंगांच्या समाधीजवळ नेल्या. दुलीप स्वतः 1893 मध्ये पॅरिसला वारला. त्याची कबर एल्व्हडनच्या चर्चमागे आहे.

तर तुझ्याकडे एक काम आहे. सकाळी फिरायला जातोसच, तर पंचवटीच्या बाजूला जरा चौकशी कर. त्या समाधीचा एखादा दगड, ओटा, काही उरलंय का? घाटावरच्या जुन्या गुरुजींना विचार, त्यांच्या वह्यांत काय काय असतं. फोटो पाठव. काही सापडलं नाही तर तसं कळव.

वहिनींना नमस्कार. चिवडा पोस्टाने पाठवू नकोस, मागच्या वेळी चुराच हाती आला.

तुझा,
दिल्या