केतकीकडे एडिनबराला जाण्याआधी

चि. मृणाल हिस,

अनेक आशीर्वाद.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी एडिनबऱ्यात शिकणाऱ्या केतकीकडे जायचं घाटतंय, असं आई म्हणाली. जरूर जा. फक्त तिकीट काढण्याआधी तिला विचार, त्या आठवड्यात काय काय जमा करायचं आहे? तिचं पहिलं सत्र डिसेंबरात संपतं, म्हणजे निबंध आणि प्रोजेक्ट नोव्हेंबरअखेर एकदमच अंगावर येतात. उशीर झाला की दिवसागणिक मार्क कापतात. शिवाय विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच नोकरी करता येते, आणि कॅफे-दुकानांना माणसं हवी असतात ती नेमकी शनिवार-रविवारी. ती ‘ये गं, मी मोकळीच आहे’ असंच म्हणणार, त्यावर जाऊ नकोस. तिच्या शिफ्टचे तास मागून घे आणि आपला बेत त्यांच्या अवतीभवती बसव. तुला शहर दाखवणं हे तिचं काम होता कामा नये. मी तिथे नोकरीला होतो, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी गाडीचं. लंडनचं किंग्ज क्रॉस स्टेशन ते एडिनबऱ्याचं वेव्हर्ली हे सुमारे ६३० किलोमीटर, सव्वाचार ते साडेचार तास. विमान सव्वा तासाचं असलं तरी लंडनच्या विमानतळावर पोचणं, सुरक्षा तपासणी आणि उतरल्यावरची ट्राम धरली की वेळ तेवढाच जातो. रात्रीची बस स्वस्त, पण नऊ-दहा तास बसून गेलीस की शनिवारची सकाळ केतकीच्या गादीवर झोपण्यात जाईल.

तिकिटं साधारण दोन-तीन महिने आधी विक्रीला येतात आणि स्वस्तातली आधी संपतात. एलएनईआर या रेल्वे कंपनीच्या गाड्या जास्त आहेत. २०२१ पासून ल्युमोच्याही निळ्या गाड्या याच मार्गावर धावतात. त्यांत एकच वर्ग असतो आणि भाडं बरेचदा कमी पडतं, तेव्हा दोन्हीकडे बघ. ‘ॲडव्हान्स’ तिकीट त्या एकाच गाडीचं असतं, ती चुकली की तिकिटाचा कागद झाला. एलएनईआरने २०२४ पासून या मार्गावर ‘७० मिनिट फ्लेक्स’ हा प्रकार आणला आहे. ठरलेल्या गाडीच्या आधी किंवा नंतर ७० मिनिटांत सुटणारी त्यांची दुसरी गाडी चालते. जाताना साधं ॲडव्हान्स घे, कारण घरून निघण्याची वेळ तुझ्या हातात आहे. येताना फ्लेक्स घे, मैत्रिणीच्या घरातून वेळेवर कुणी निघत नाही.

१६-२५ रेलकार्ड अजून काढलं नसशील तर आत्ताच काढ. ३५ पौंडांत वर्षभर एक तृतीयांश सूट, म्हणजे जाऊन-येऊन तिकीट १०५ पौंडांचं असेल तर पहिल्याच फेरीत पैसे वसूल. ते फोनवर असतं आणि तपासनीस मागतो. बॅटरी संपली ही सबब चालत नाही, म्हणून पॉवर बँक ठेव.

शुक्रवारी रजा टाकून सकाळी दहा-अकराची गाडी धर, आणि जागा निवडताना जाण्याच्या दिशेने उजवी खिडकी. डरॅमचं कॅथीड्रल, न्यूकॅसलला टाइन नदीवरचे पूल आणि बेरिकच्या पुढे कड्याच्या काठाने जाणारा समुद्र, हे सगळं त्याच बाजूला आहे. बेरिकच्या अलीकडे ट्वीड नदीवर २८ कमानींचा रॉयल बॉर्डर ब्रिज लागतो, रॉबर्ट स्टीफन्सनचा, १८५० चा. संध्याकाळच्या गाडीने यातलं काहीच दिसत नाही, कारण त्या दिवसांत चारच्या आधीच सूर्य मावळतो.

घोटाळा होतो तो परतीच्या दिवशी. रुळांची मोठी दुरुस्ती शनिवार-रविवारी काढतात, मग मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस देतात आणि दीड-दोन तास सहज वाढतात. हे आधी जाहीर झालेलं असतं. तिकीट काढताना प्रवासाची वेळ नेहमीपेक्षा लांब दिसली, तर कारण बहुधा हेच. दुसरं कारण वारा. या मार्गावरच्या विजेच्या तारा वादळात दगा देतात, मग वेग कमी करतात किंवा गाड्याच रद्द होतात. अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला तर भरपाई मिळते, पण ती बहुधा मागावी लागते, आपोआप येईल असं धरून चालू नकोस. तिकिटाचा फोटो जपून ठेव.

आता केतकीचं घर. तिचा पत्ता मार्चमाँटमधला आहे आणि त्यात ‘३एफ१’ असं काहीतरी असेल. म्हणजे तिसरा मजला, फ्लॅट एक. या दगडी इमारतींना टेनमेंट म्हणतात, लिफ्ट बहुतेक नसतेच, आणि जिना गोल फिरत वर जातो. चाकांची बॅग नेऊ नकोस, पाठीवरची सॅक पुरे. रस्त्यावरच्या दाराशी बझरची पाटी असते. तिच्यावर बऱ्याचदा जुन्या भाडेकरूंचीच नावं असतात, तेव्हा कोणतं बटण दाबायचं ते आधीच विचार.

राहण्याची परवानगी फक्त तिची पुरत नाही. स्वयंपाकघर आणि बाथरूम चौघा-पाचजणांत असतं, त्यांना ती कळवते का ते बघ. दोन रात्री ठीक, तिसरी रात्र मागू नकोस. (ती विद्यापीठाच्या वसतिगृहात असती तर पाहुण्यांची नोंद आणि रात्रींची मर्यादा यांचे नियम वेगळे.) स्लीपिंग बॅग आणि टॉवेल स्वतःचा ने. तिच्याकडे जास्तीचं पांघरूण असेल हे गृहीत धरू नकोस. हीटिंगचं बिल सगळ्यांत वाटून घेतात, म्हणून रात्रभर हीटर चालू ठेवणारी पाहुणी नकोशी होते. लोकरीचे मोजे घालून झोप.

आणि फोडणी! स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले अलार्म सक्तीचे आहेत. स्वयंपाकघरात उष्णतेवर वाजणारा, बैठकीच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुरावर वाजणारा. एक वाजला की सगळे वाजतात. स्वयंपाकघरातला अलार्म मिरचीच्या ठसक्याला सहसा दाद देत नाही, पण दार उघडं राहिलं आणि धूर पॅसेजमध्ये गेला की सगळं घर उठतं. दार लावून घे, पंखा आधी सुरू कर, खिडकी किलकिली कर, तेल धुरावण्याआधी मोहरी टाक. सुक्या मिरच्या शेवटी, गॅस बंद करता करता. डिटेक्टरवर मोजा किंवा पिशवी चढवायची युक्ती मुलं एकमेकांना शिकवतात, ती करू नकोस. तपासणीत सापडलं तर केतकीच अडचणीत येईल.

खाऊ नेशील तर वेंब्लीच्या ईलिंग रोडवरून जाडे पोहे, शेंगदाणे, कढीपत्ता आणि आईने पाठवलेला गोडा मसाला. एडिनबऱ्यातही निकल्सन स्ट्रीटच्या परिसरात आपल्याकडच्या वस्तू मिळतात, पण गोडा मसाला मिळणं अवघड. फ्रिजमध्ये तिच्या वाट्याला आलेला एकच कप्पा असणार, म्हणून नासणारं काही भरपूर नेऊ नकोस. हॉटेलात नेऊन तिला जेवायला घालण्यापेक्षा शनिवारी तिच्या आठवड्याच्या किराण्याचे पैसे तू दे. विद्यार्थ्याला त्याचाच उपयोग होतो.

शहरात बसने फीर. चढताना कार्ड एकदा टॅप करायचं, उतरताना नाही. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, पण सकाळी कार्ड आणि रात्री फोन वापरलास तर ते दोन वेगळे प्रवासी धरले जातात. रोख दिलीस तर सुटे परत मिळत नाहीत.

शनिवारी सकाळी केतकी कामावर असेल तेव्हा आर्थर्स सीट ही टेकडी चढ. उंची २५१ मीटर, होलीरूड राजवाड्याच्या बाजूने पाऊण तास. शेवटचा काळा दगड हजारो पायांनी गुळगुळीत झालेला आहे आणि पावसात तिथेच लोक घसरतात, त्यामुळे बूट पकडीचे हवेत. २०१८ मध्ये दगड कोसळल्यावर खालची रॅडिकल रोड ही वाट बंद केली होती. कुठेही कुंपण दिसलं तर ओलांडू नकोस. छत्री नेऊच नकोस, तिथला वारा ती पहिल्या कोपऱ्यावरच उलटी करतो. टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट घे.

बरोबर एक वाजता किल्ल्यावरून तोफ सुटते, १८६१ पासून, रविवार सोडून. ती प्रिन्सेस स्ट्रीटवरून फुकट ऐकू येते. किल्ला आतून बघायचाच असेल तर ऑनलाइन वेळ घेऊन जा. हिवाळ्यात शेवटचा प्रवेश चारला असतो. नाहीतर चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय बघ. ते फुकट आहे, पाचपर्यंत उघडं असतं आणि एडिनबरा विद्यापीठाच्या जॉर्ज स्क्वेअरपासून पाच-सात मिनिटांवर. केतकीची वाट तिथेच बघ, लायब्ररीच्या दारात नको, कारण लायब्ररीत विद्यार्थ्याच्या कार्डाशिवाय सोडत नाहीत. (आपल्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन याच विद्यापीठात शिकले, हे तिला सांग. ती मुंबईची, तिला आवडेल.)

एखाद्या दुकानात स्कॉटिश बँकेची नोट हातात आली तर तिथेच खर्च करून टाक. लंडनमधले दुकानदार ती घ्यायला कुरकुरतात.

रविवारी निघताना गादीची चादर काढून घडी कर, कचरा खाली नेऊन टाक, आणि दुपारी दोनच्या पुढची गाडी घेऊ नकोस. गाडी रखडली तरी रात्री घरी पोचशील आणि सोमवारी ऑफिसला जाता येईल. तिकीट काढलंस की वेळ कळव.

तुझा,
बाबा