रविवारी सकाळी अकरा वाजता रॉक ऐकायला आम्ही येऊ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत नुकतंच एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. २०२५च्या जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, मुलांनी त्यासाठी हजारो रुपये मोजले, पण इथल्या गाण्याशी या पिढीला काही देणंघेणं उरलं नाही, असा त्यांचा सूर होता. पत्र कळकळीचं होतं, म्हणूनच उत्तर लिहिते आहे. इथलं गाणं ऐकायची आमची इच्छा कमी झालेली नाही. ते ऐकून घरी परतायची सोय नाही.

मी डोंबिवलीत राहते, वय ३९. लोअर परळच्या एका कार्यालयात हिशेब बघते. २००९पासून, ज्याला आम्ही ‘इंडी’ म्हणतो ते संगीत ऐकत आले आहे. सिनेमासाठी न बांधलेली, मोठ्या कंपनीच्या सांगण्यावरून न केलेली गाणी. चार-पाच जण स्वतः लिहितात, स्वतःच चाल लावतात, नोकरी सांभाळून तालीम करतात आणि खिशातले पैसे घालून ध्वनिमुद्रण करतात. त्यांच्या छोट्या कार्यक्रमाला ‘गिग’ म्हणतात.

माझी पहिली गिग मथुरादास मिल कंपाउंडमधल्या ब्लू फ्रॉगला झाली. गिरणीच्या जुन्या गोदामात २००७ साली ती जागा सुरू झाली होती. उतरत्या पातळ्यांवर गोल-गोल कप्पे केलेले, त्यामुळे मागे बसलेल्यालाही गाणाऱ्याचा चेहरा दिसायचा. ऑफिसातल्या मैत्रिणीनं ओढतच नेलं होतं. मी लिंबू-सोडा घेऊन एका कोपऱ्यात उभी होते. गाणी आठवतात तितकंच त्यानंतरचं दृश्य आठवतं. कार्यक्रम संपला, दिवे लागले आणि आत्ता ज्याच्यासाठी टाळ्या पडत होत्या तो गिटारवाला खाली वाकून आपल्या वायरी स्वतः गुंडाळत होता. मग त्यानं सॅकमधून सीडी काढल्या आणि दाराशी उभा राहून विकल्या. मी एक घेतली. गाणाऱ्याच्या हातात थेट पैसे ठेवण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग. २०१६ साली ब्लू फ्रॉग बंद झालं, तेव्हा जवळचं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं.

त्या वर्षांत कानावर पडलेल्यांपैकी काही जण कायमचे मुक्कामाला आले. इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड १९९० सालचा, म्हणजे मी बालवाडीत होते तेव्हापासूनचा. त्यांच्या ‘कंदिसा’ या २००० सालच्या संग्रहात केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे आणि नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीतही आहे. बासगिटार वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले, त्यामुळे ते गीत कुठून तरी उचललेलं वाटत नाही. गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९मध्ये गेले. मी ऐकायला लागले त्याच वर्षी. त्यांना प्रत्यक्ष ऐकायचं राहून गेलं याची हळहळ अजून आहे.

बंगळुरूचा परवाज हा बँड उर्दू आणि काश्मिरीत गातो. काश्मिरीतला एकही शब्द मला येत नाही. तरी त्यांचा गायक खालिद अहमद आवाज वर नेतो आणि मागून ड्रम्स हळूहळू भरत येतात, तेव्हा आपल्याला सगळं कळतंय असं वाटतं. पुण्याच्या ईझी वाँडरलिंग्ज या बँडचं गाणं ऐकताना पावसाळ्यात लोणावळ्याजवळ गाडी मंदावते तसं होतं. ताबा चाके मूळचा अरुणाचलचा. गिटारवर नुसत्या बोटांनी वाजवतो, न्यीशी भाषेत गातो, हिंदीतही गातो. माझी मुलगी आठवीत आहे, ती त्याच्यामुळे युकुलेली शिकली.

आणि मराठीत काही नाही म्हणणाऱ्यांना मी आवर्जून सांगेन. स्वदेशी हा मुंबईचा रॅप करणाऱ्यांचा गट. त्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलावर आणि तिथल्या वारली पाड्यांवर त्यांनी ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं, त्यात आरेतले प्रकाश भोईर स्वतः गातात. याच गटात गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड होता. २०२२ साली तो गेला, अवघा चोवीस वर्षांचा. अमरावतीचा रॅपर १०० आरबीएच आपल्या भागाची बोली लपवत नाही. अमरावतीच्या मुलाला मुंबईचा आव आणावा लागत नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

अभंग रिपोस्टबद्दल थोडं जास्त लिहिते. संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रम्सवर मांडणारा हा आपला मराठी बँड. माझ्या सासूबाई सत्तरीच्या, तीस वर्षं भजनी मंडळात आहेत. आमच्या भागात मैदानावर यांचा कार्यक्रम होता, तेव्हा मी त्यांना घेऊन गेले. मनात धाकधूक होती. पहिल्या अभंगाला त्या गप्प होत्या. दुसऱ्याला मांडीवर हात पडायला लागला. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, “तो जाड तारांचं वाजवणारा मुलगा आहे ना, तो खरा पखवाजाचं काम करतोय. त्याच्याकडे बघून बाकीचे चालतात.” मी सोळा वर्षं ऐकते आहे, पण बासगिटारचं इतकं नेमकं वर्णन मला कधी जमलं नव्हतं.

सासूबाई आणि मुलगी दोघींना घेऊन मी गिगला जाऊ शकले, असं त्या मैदानाखेरीज फक्त फेब्रुवारीतल्या काळा घोडा महोत्सवात झालं आहे. तिथे संध्याकाळ असते आणि तिकीट नसतं. एरवी हे संगीत ऐकायला मिळतं ते दारू मिळते त्या जागांत. मी त्या जागांना नावं ठेवत नाही. त्यांनीच हे संगीत इतकी वर्षं जगवलं. पण दारावर वय विचारतात, अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही, कुठे एकवीसचीही अट. ज्या ताबा चाकेमुळे माझी मुलगी वाद्य शिकली, त्याला तिनं अजून समोर बसून ऐकलेलं नाही.

आणि वेळ. तिकिटावर साडेआठ छापलेलं असतं. साडेआठला दार उघडतं, साडेनऊला पहिला नवखा गायक येतो, मुख्य बँड मंचावर येईपर्यंत साडेदहा वाजतात. लोक जितके उशिरा येतील आणि जितके जास्त वेळ बसतील तितकी विक्री होते, हे मला हिशेबनीस म्हणून समजतं. पण सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर आहे आणि माझ्या रात्रीला शेवटच्या कर्जत लोकलचं कुंपण आहे. दोन वर्षांपूर्वी एका बँडसाठी मी चार महिने थांबले होते. ते मंचावर आले पावणेअकराला. साडेअकराला मला उठावं लागलं. मी जिन्यात असताना आत त्यांनी माझं सगळ्यात आवडतं गाणं सुरू केलं. भिंतीपलीकडून नुसता बास ऐकू येत होता. दोन मिनिटं तशीच जिन्यात उभी राहिले आणि मग करी रोड स्टेशनकडे धावले. लोकलमध्ये आणखी तिघं भेटले, त्याच कार्यक्रमातून निघालेले. एक कल्याणचा, दोघी बदलापूरच्या. एकीच्या मनगटावर अजून प्रवेशाचा शिक्का होता. ते गाणं चौघांपैकी एकानंही पूर्ण ऐकलं नव्हतं.

त्या डब्यातच माझ्या डोक्यात हे आलं. बदलापूर, कल्याण, डोंबिवली, ठाणे. ऐकणारे सगळे इकडचे, आणि जागा सगळ्या तिकडे. इकडे जागा नाहीत का? ठाण्यात १९७८ सालचं गडकरी रंगायतन आहे. घाणेकर नाट्यगृहात मोठ्या प्रेक्षागृहाबरोबर एक छोटं मिनी थिएटरही आहे. कल्याणला अत्रे रंगमंदिर, आमच्याकडे सावित्रीबाई फुले नाट्यगृह. चांगल्या खुर्च्या, मंच, दिवे, रंगपट, सगळं आहे आणि आपल्याच कराच्या पैशांतून उभं राहिलेलं आहे.

नाटकांच्या जाहिरातींचं पान मी दर रविवारी वाचते. रविवारी दुपार आणि रात्र नाटकांची, आणि ती तशीच राहावी. शनिवारचंही तेच. मधल्या वारी आम्ही डोंबिवलीकर आठ वाजेपर्यंत लोकलमध्येच लोंबकळत असतो, त्यामुळे ते दिवस देऊन उपयोग नाही. पण डिसेंबर-जानेवारीतली शाळांची स्नेहसंमेलनं सोडली, तर रविवारची सकाळ त्या पानावर बऱ्याचदा रिकामी दिसते. माझी मागणी तेवढीच आहे. महिन्यातून एका रविवारी, सकाळी अकरा ते एक, एका स्वतंत्र बँडला नाट्यगृह द्या.

सकाळी रॉक कोण ऐकणार, असं मला घरातही विचारलं. दिवाळी पहाटेला आपण साडेपाचला अंघोळ करून, नवे कपडे घालून गाणं ऐकायला जातोच ना? आमच्या डोंबिवलीच्या फडके रोडवर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आणि गाण्याच्या वेळा बदलता येतात, हे पुण्यानं दाखवलेलं आहे. भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा. रात्री दहाचं बंधन आल्यावर तो दुपारी सुरू व्हायला लागला. रसिकांनी कुरकुर केली, आणि मग दुपारीच येऊन बसायला लागले.

आवाजाबद्दल शेजाऱ्यांची काळजी मला आहे. दहाचा नियम शिथिल करा, असं मी मुळीच म्हणत नाही. आमच्या इमारतीतही आजारी माणसं आहेत. शांतता क्षेत्रात आल्यामुळे धोबी तलावचं रंगभवन गप्प झालं, इंडिपेंडन्स रॉकसारखे महोत्सव गाजवलेली ती उघडी जागा. तिच्याबद्दल मागच्या पिढीतले श्रोते अजून हळवे होऊन बोलतात. पण नाट्यगृह बंदिस्त आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्रीच्या ध्वनिक्षेपकबंदीतूनही बंदिस्त सभागृहं वगळलेली आहेत, आणि मी तर सकाळचे अकरा म्हणते आहे.

पैशांचं सांगते, कारण तो माझा विषय आहे. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. त्यावर गेलं की अठरा टक्के. शहरातल्या गिगचं तिकीट कर आणि बुकिंगचे पैसे धरून हजाराच्या घरात जातं, आत खाण्यापिण्याचा खर्च वेगळा. इथे तीनशे रुपये ठेवले आणि अडीचशे माणसं आली तर पंचाहत्तर हजार होतात. नाट्यगृहाची यंत्रणा संवादांसाठी असते, त्यामुळे मिक्सर, मॉनिटर आणि ड्रम्सचे माइक भाड्यानं आणावे लागतील. बँडचा प्रवास आणि मानधन आहे. साउंडचेकला, म्हणजे आवाज आधी तपासून घ्यायला, आठ वाजता दार उघडावं लागेल आणि दुपारच्या नाटकाचं नेपथ्य लावायला दीडच्या आत मंच रिकामा करून द्यावा लागेल. हे सगळं बसतं, पण भाडं नाटकाच्या दरानं असेल तरच.

इथेच घोडं अडलं आहे. गेल्या वर्षी मी ठाणे जिल्ह्यातल्या एका नाट्यगृहात चौकशीला गेले. खिडकीवरचे गृहस्थ सौजन्यानं बोलले. नाटक आहे का? नाही. शाळेचा कार्यक्रम? नाही. मग ऑर्केस्ट्रा. मी म्हटलं, ऑर्केस्ट्रा दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवतो, हे स्वतःची नवी गाणी गातात. त्यांनी अर्ज माझ्याकडे फिरवला आणि रकाने दाखवले. आमच्यासाठी रकाना नव्हता. ‘ऑर्केस्ट्रा व इतर’ला दर नाटकाच्या कितीतरी पट होता. त्या दरानं तिकीट सहाशेच्या पुढे जातं, म्हणजे पुन्हा कर, आणि तीन माणसांच्या घराला दोन हजारांचा खड्डा. नव्या संहितेच्या प्रायोगिक नाटकाला जी सवलत योग्य वाटते, तीच स्वतःची गाणी रचणाऱ्या मुलांना का नको? दोघंही रिकाम्या खुर्च्यांचा धोका पत्करूनच उभे राहतात.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या नाट्यगृह विभागांना आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे: दरपत्रकात ‘स्वतःच्या रचनांचा संगीत कार्यक्रम’ असा एक रकाना घाला आणि त्याला नाटकाचा दर लावा. आपल्यालाही एक विनंती. नाटकांच्या पानावर आठवड्याला दोन ओळी अशा कार्यक्रमांना द्या. आज ते आम्हाला फोनवरच्या गटांतून कळतात, सासूबाईंना कळतच नाहीत.

मी पुन्हा अर्ज करणार आहे. आमच्या इमारतीतून आणि लोकलच्या डब्यातून मिळून एकेचाळीस जणांनी तिकीट घेईन असं लिहून दिलं आहे, ती यादी सोबत जोडणार आहे. यादीत शेवटची सही भजनी मंडळाच्या अध्यक्षबाईंची आहे. पहिला कोणता बँड येणार एवढंच त्यांनी विचारलं आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)