शरीराला पत्ता लागलेला असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एचआयव्हीवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात 'लागण झाल्यावर काही वर्षे शरीराला पत्ताच नसतो' असे वाक्य आहे. रुग्णाला पत्ता नसतो, हे खरे. शरीर मात्र पहिल्या काही आठवड्यांतच हातघाईवर आलेले असते, आणि नेमका तोच भाग लेखात सुटला आहे.

हा विषाणू सीडी४ टी पेशींमध्ये शिरतो. बाकीच्या संरक्षक पेशींना कामाला लावणाऱ्या त्याच पेशी. त्यातही आतड्याच्या अस्तरातल्या स्मृतिपेशी (पूर्वी भेटलेले रोगजंतू लक्षात ठेवणाऱ्या) त्याच्या तावडीत आधी सापडतात, आणि दोन-चार आठवड्यांत तिथे त्यांची अक्षरशः कत्तल होते. रक्तातला सीडी४चा आकडा त्या मानाने कमी घसरतो, म्हणून नुसता रिपोर्ट पाहून हे नुकसान कळत नाही.

तोवर सीडी८, म्हणजे मारक टी पेशी, कामाला लागलेल्या असतात. लागण झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे येतात. ते ओळखून मारक पेशी तिला भोके पाडून संपवतात. रक्तातला विषाणू शिखरावरून उतरू लागतो तो या पेशी वाढतात तेव्हा, विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होण्याच्या बरेच आधी. हे १९९४ मध्येच दिसून आले होते. पुढे १९९९ मध्ये एसआयव्ही (एचआयव्हीचा माकडांतला भाऊबंद विषाणू) झालेल्या माकडांच्या शरीरातून सीडी८ पेशी औषधाने नाहीशा केल्या, तर विषाणू पुन्हा उसळला.

मग या पेशी जिंकत का नाहीत? विषाणू स्वतःच्या नकला काढताना सतत चुका करतो. त्यातून ओळखीचा तुकडाच बदललेले विषाणू काही आठवड्यांत पुढे सरसावतात. एचआयव्हीला ओळखणाऱ्या सीडी४ पेशी तर इतर सीडी४ पेशींपेक्षा अधिक प्रमाणात बळी पडतात. (निसर्गाची ही खोड क्रूरच म्हणायची.) शिवाय काही विषाणू सुप्त पेशींत दडून बसतात. माकडांना लागणीनंतर तिसऱ्या दिवशी औषध सुरू करूनही हा दडलेला साठा टळला नाही, असे २०१४ मध्ये आढळले. सरतेशेवटी विषाणूचे प्रमाण एका पातळीवर स्थिरावते. ही पातळी जितकी वरची, तितका आजार लवकर बळावतो. एचएलए बी५७सारखी जनुके लाभलेल्या मोजक्या लोकांत ती औषधाविनाही खाली राहू शकते.

वाचकाच्या दृष्टीने यात महत्त्वाचे ते असे. लागणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ अशी लक्षणे दिसू शकतात; त्या दिवसांत विषाणू रक्तात भरपूर असतो, लागण पसरण्याचा धोकाही मोठा असतो, आणि केवळ प्रतिपिंडे शोधणारी चाचणी मात्र निगेटिव्ह येऊ शकते. ती पॉझिटिव्ह यायला २३ ते ९० दिवस लागतात; विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत उत्तर देते. लेखात या 'विंडो पीरियड'चा, म्हणजे लागण होऊनही चाचणीत ती न दिसण्याच्या काळाचा, उल्लेखही नाही. पुढच्या वेळी हे आकडे चौकटीत द्यावेत, आणि धोक्याच्या संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायच्या प्रतिबंधक औषधांची माहितीही.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक