आधी यंत्र वाचायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही मध्येच तोडता आणि पट्टा आता कसा चाललाय ते विचारता. म्हणून आज लिहून पाठवतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राला नेमका पार्ट मिळवणं किती चिकाटीचं काम आहे, हे ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. ज्यांना ते करायची वेळ येणार आहे त्यांच्या कानावर तुमचं सांगणं पडावं, एवढ्यासाठी हे उघड पत्र.

यंत्र माझ्याकडे आलं तेव्हाच बरंच वापरलेलं होतं. पुस्तिका नाही, पावती नाही, बॉनेटवरचं नाव उन्हाने उडालेलं. पाती सुरू केली की डेकखालून, म्हणजे पाती ज्या पत्र्याच्या घुमटाखाली फिरतात तिथून, खरखर यायची. इंजिनाची ताकद पात्यांपर्यंत नेणारा रबरी पट्टा दाट गवतात घसरायचा. आणि यंत्र पुढे गेलं की मागे बरोबर मधोमध न कापलेल्या गवताची एक ओळ उभी राहायची. ज्याला विचारावं तो म्हणे, जुना पार्ट काढून आणा, त्याच्यासारखा बघून देतो. तुमची तर ओळखही नव्हती. कुणीतरी नंबर दिला, मी बिचकत फोन केला, आणि तुमचं पहिलं वाक्य होतं, "अजून काही उघडू नका. सीट उचला आणि खाली काय लिहिलंय ते वाचा."

सीटखालच्या स्टिकरवर, तेलकट मळाखाली, मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर निघाला. तो तुम्ही मधल्या रेघा-बिंदूंसकट लिहून घ्यायला लावलात. मॉडेल तेच असलं तरी कारखाना मध्येच एखादा पार्ट बदलतो, आणि मग यादीत 'अमुक सिरियलपर्यंत हा, त्यापुढे तो' असं येतं, हे मला तेव्हा कळलं. बॉनेटवरचं नाव गेल्याची मला काळजी होती, तुम्हाला अजिबात नव्हती. नाव कुणाचं यापेक्षा बांधणी कुणाची ते बघायचं, म्हणालात, आणि क्राफ्ट्समनचं उदाहरण दिलंत. सीअर्स या अमेरिकी दुकानदार कंपनीने त्या नावाखाली यंत्रं विकली, पण ती बनवली वेगवेगळ्या कारखानदारांनी. जुन्या मॉडेल नंबरची सुरुवात ९१७ ने होत असेल तर यंत्र पुढे हुस्क्वार्नाकडे गेलेल्या कारखान्याचं, २४७ ने होत असेल तर एमटीडी या दुसऱ्या कारखानदाराचं. नाव एकच, पार्ट निराळे.

इंजिनाचं खातं तर पूर्ण वेगळं. पाती, पुल्या, पट्टे, चाकं यांचे पार्ट यंत्राच्या नंबरावर शोधायचे. कार्ब्युरेटर, गॅस्केट, फिल्टर, स्टार्टर हे इंजिनाच्या नंबरावर. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर असतात. मॉडेलचे पहिले एक-दोन आकडे इंजिनाची क्षमता घन इंचांत सांगतात, म्हणजे ३१ असेल तर ३१ घन इंच, साधारण ५०० सीसी. कोडच्या सुरुवातीला वर्ष, महिना आणि दिवस. मी टॉर्च धरून आकडे वाचत होते आणि तुम्ही पलीकडून इंजिन कोणत्या महिन्यात तयार झालं ते सांगत होतात. हरवलेल्या कागदांची चिंता त्या क्षणी संपली.

मग तुम्ही पार्टच्या चित्रांकडे वळलात. सगळे भाग सुटे करून मांडलेली ती चित्रं पहिल्यांदा बघणाऱ्याला घाबरवतात. चित्रात भागाशेजारी छापलेला आकडा म्हणजे पार्ट नंबर नव्हे, तो फक्त शेजारच्या यादीतली ओळ दाखवतो. आणि यादीतलं डावं-उजवं नेहमी सीटवर बसलेल्या माणसाचं असतं. यंत्रासमोर बसून खाली वाकलेल्या माणसाला ते नेमकं उलटं दिसतं. पुढच्या चाकाच्या स्टिअरिंगचे भाग दोन बाजूंना वेगळे असतात, त्यामुळे ही एवढीशी गोष्ट माहीत नसली तर अख्खी ऑर्डर परत करावी लागते.

पट्ट्यावर मात्र तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात, आणि माझ्या मते तो द्यायलाच हवा होता. जुना पट्टा मापून तसाच घ्यावा, हे वरवर पटतं. पण वापरलेला पट्टा ताणून लांब झालेला असतो आणि कडांनी झिजून अरुंद झालेला असतो. शिवाय बाहेरून मापलेली लांबी आणि आतून मापलेली लांबी यांत काही सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि कुणी कोणती लिहिलीय ते सांगत नाही. म्हणून तुम्ही पट्ट्याऐवजी पुलीच्या खाचेकडे बघायला सांगितलंत. खाचेचा तळ चमकतोय का? चमकत होता. व्ही आकाराचा पट्टा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पकड घेतो, तळाला तो टेकताच कामा नये. तळ चकाकतोय म्हणजे पट्टा खाली बसून घासतोय. आधी कुणीतरी पाच अष्टमांश इंचाच्या, म्हणजे सुमारे १५.९ मिलिमीटरच्या पट्ट्याच्या जागी अर्ध्या इंचाचा, १२.७ मिलिमीटरचा पट्टा चढवला होता. दिसायला दोन्ही काळे, दोन्ही व्ही आकाराचे. दाट गवतात तो घसरणारच होता.

आणि माप जुळलं तरी आतली बांधणी जुळायला हवी, हे तुम्ही किती पोटतिडकीने सांगितलंत! पाती चालू करताना एक आयडलर पुली सैल पट्ट्याला एकदम ताणते, बंद करताना सोडते, आणि काही ठिकाणी पट्टा पाठीवरून उलटा वाकतो. हे धक्के सोसायला आत अरॅमिडचा, म्हणजे केव्हलरच्या जातीचा, धागा लागतो. साध्या यंत्रसामग्रीसाठी बनवलेला पट्टा तेवढ्याच लांबी-रुंदीचा असला तरी इथे टिकत नाही, आणि आतला धागा बाहेरून दिसत नाही. म्हणूनच पाती-बेअरिंग चांगल्या दर्जाचं, मापाला तंतोतंत असेल तर दुसऱ्या कंपनीचंही चालेल, पण पट्टा यंत्राच्या कंपनीच्या नंबराचाच घ्या, हा तुमचा आग्रह मला पूर्ण पटतो. आता मला कुणी विचारलं तर मीही हेच सांगते.

मधोमध उभ्या राहणाऱ्या गवताचं कारण तुम्ही फोनवरच ओळखलंत. डेक ४२ इंचांचा, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटरचा, त्याखाली दोन पाती. दोघांची वर्तुळं मध्ये थोडी एकमेकांत यायला हवीत. पाती आखूड असली की मध्ये फट राहते. पातं मापायचं ते एका टोकाच्या धारेच्या कोपऱ्यापासून तिरकं, मधल्या भोकावरून, पलीकडच्या टोकाच्या धारेच्या कोपऱ्यापर्यंत. मग भोकाचा आकार बघायचा: साधं गोल, की पाच, सहा किंवा सात टोकांची चांदणी. चांदणी न जुळणारं पातं बोल्ट आवळून बसवलं तरी ते नीट बसलेलं नसतं. इथे तुमचा आवाज कडक झाला होता. अमेरिकी सुरक्षा मानकात पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ९६ मीटर. त्या वेगाच्या आसपास फिरणाऱ्या लोखंडाच्या बाबतीत 'चालून जाईल' हा शब्द काढायचा नाही, असं तुम्ही बजावलंत. आणि डेकखाली हात घालायच्या आधी किल्ली काढून स्पार्क प्लगची वायर सुटी केलीय ना, हे दर वेळी विचारलंत. दर वेळी. त्या प्रश्नासाठी वेगळे आभार.

खरखर होती ती स्पिंडलच्या, म्हणजे पातं ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या, बेअरिंगची. बेअरिंगच्या रबरी झाकणावर ६२०३ वाचल्यावर मी खुश झाले, कारण ते कुठेही मिळणारं: आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरून ४०, जाडी १२. तुम्ही म्हणालात, "पुढे काही आहे का बघा." पुसट १० होता. तो १० म्हणजे इंचाचे दहा सोळांश, अर्थात पाच अष्टमांश इंचाचं भोक, १५.८७५ मिलिमीटर. बाहेरचं माप तेच, त्यामुळे साधं ६२०३ स्पिंडलच्या घरात, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या बाहेरच्या कवचात, छान बसलं असतं आणि शाफ्टवर मिलिमीटरभर ढिलं राहिलं असतं. माणसाच्या नावापुढचं आडनाव वाचल्याशिवाय पत्ता सापडत नाही, तसंच हे.

दुसऱ्या बाजूच्या स्पिंडलचं घरच तडकलेलं होतं आणि त्याचा नंबर बंद झालाय असं सांगण्यात आलं. मी तिथेच थांबले असते. जुना नंबर बंद झाला तरी बरेचदा त्याच्या जागी नवा नंबर आलेला असतो, तो विचारा, हे तुम्ही सांगितलंत, आणि खरंच होता. नवं घर आलं त्याच्या भोकांना आटेच नव्हते. सदोष माल आला असं वाटून मी तुम्हाला अवेळी फोन केला. तुम्ही शांतपणे समजावलंत की त्यासोबतचे बोल्ट पहिल्यांदा आवळताना स्वतःच आटे पाडतात, सावकाश आणि सरळ घाला.

सीटखालच्या स्विचबद्दल तुम्ही मला नकार दिलात, तेही इथे लिहिते. दोन तारा एकत्र जोडून टाका, काम भागेल, असा सल्ला मला बाहेर मिळाला होता. पाती चालू असताना माणूस सीटवरून उठला तर इंजिन बंद पडावं म्हणून तो स्विच असतो. तारा कशा जोडायच्या ते तुम्ही सांगितलं नाहीत, योग्य स्विच शोधायला लागेल तेवढा वेळ थांबायला लावलंत. यंत्राजवळ लहान मुलं येतात-जातात हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते. तुम्ही गृहीत धरलंत.

काका, या सगळ्यात तुमचा कसलाही व्यवहार नव्हता. तुम्ही मला एकही पार्ट विकला नाहीत. माझे धूसर फोटो मोठे करून बघितलेत, एक नंबर चुकीचा ऐकू आला म्हणून स्वतःहून परत फोन केलात, आणि प्रत्येक वेळी उत्तर देण्याआधी मला यंत्रापाशी पाठवलंत. एखादा नंबर नुसता सांगून टाकणं तुम्हाला सोपं होतं. तो पार्ट आला असता, बसला असता, आणि पुढच्या वेळी मी पुन्हा तिथेच असते.

आता सगळे नंबर एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सीटखाली चिकटवलेत. ओळखीतल्या एकांच्या यंत्राचा स्टार्टर सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणारा स्विच, गेला तेव्हा आधी जुन्याला तारा जोडायचे खांब तीन आहेत की चार ते मोजा, असं मीच त्यांना सांगितलं; तीन खांबांच्यात अर्थिंग बॉडीतून मिळतं आणि चार खांबांच्यात वेगळ्या तारेने, हे तुमचंच वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवलं. त्यांचं यंत्र सुरू झालं. त्यांचाही नमस्कार कळवते.

चाकांकडे जाणारा मागचा पट्टा आता आवाज करू लागलाय. नंबर काढून ठेवलाय, खाचेचा तळ बघितलाय, चमकत नाही. रविवारी सकाळी फोन करते, तोवर आयडलरचं बेअरिंग हाताने फिरवून बघते.

आपली कृतज्ञ,
सीटखालचा नंबर आता तोंडपाठ असलेली तुमची एक विद्यार्थिनी