साहेब, सतरा-सी बाहेर काढा

मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी, कोल्हापूर यांस,
स.न.वि.वि.

विधानसभेचा निकाल कधीच लागला, पण आमच्या तालमीच्या कट्ट्यावर एक हिशेब अजून मिटलेला नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी पाचपर्यंत राज्यात ५८.२२ टक्के मतदान झालं म्हणून सांगितलं, अंतिम आकडा आला ६६.०५. मधली मतं कुठनं आली? ज्याचा उमेदवार पडला तो म्हणतो, घुसडली. ज्याचा आला तो म्हणतो, रडीचा डाव. मी बूथवर एजंट म्हणून बसलेला माणूस, दोघांनाही एवढंच विचारतो, "तुझ्याकडं सतरा-सी हाय का?" सतरा-सी म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाचा कागद.

पाचचा आकडा केंद्राकेंद्रावरून घाईत गोळा केलेला असतो. मतदान सहापर्यंत चालतं, आणि सहाला रांग असली तर केंद्राध्यक्ष शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत येतात. त्या सगळ्यांचं मतदान होईतो यंत्र बंद होत नाही. त्यामुळं नुसत्या फरकावरून घोटाळा सिद्ध होत नाही. झाला नाही, हेही होत नाही. खरी ताळ्याची जागा पुढं आहे. क्लोजचं बटण दाबलं, टोटल दाबलं, पडद्यावर आकडा आला, की तो नमुना १७-सी वर चढतो, सह्या होतात आणि प्रत एजंटाच्या हातात पडते. मोजणीच्या टेबलावर त्याच यंत्राची बेरीज तिच्याशी जुळली पाहिजे. आमचे बहाद्दर काय करतात? घडी घालून खिशात, आणि दुसऱ्या दिवशी शर्टाबरोबर धुण्यात. मग वर्षभर घोटाळा, घोटाळा.

झालेल्या मतदानापेक्षा पाच लाख मतं जास्त मोजली, अशीही बातमी फिरली होती. आयोगानं सांगितलं की एका आकड्यात टपाली मतं धरलेली, दुसऱ्यात नाहीत, आणि टपाली मतं पाच लाखांवर होती. हे उत्तर मला पटलं, कारण कुणालाही आकडेमोड करून ते तपासता येत होतं.

आपल्याच जिल्ह्याचं बघा. लोकसभेला महाविकास आघाडीचे शाहू छत्रपती दीड लाखावर मतांनी निवडून आले, सहा महिन्यांत विधानसभेच्या दहापैकी एकही जागा आघाडीला नाही. मे महिन्यातलं यंत्र गुणाचं आणि नोव्हेंबरातलं चोर, हे चालायचं नाही. पण "जिंकलात तेव्हा गप्प का होता?" हासुद्धा टोमणा झाला, पुरावा नव्हे.

आता प्रशासनाचं. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीत डिसेंबर २०२४ मध्ये लोकांनी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. त्यातून काही सिद्ध झालं नसतं. निकालानंतर गावासमोर दिलेलं मत हे आधीच्या गुप्त मताचा ताळा होऊ शकत नाही. तिथं जमावबंदी लावून मात्र तुम्ही लोकांनी संशय पक्का केलात. त्याच डिसेंबरात केंद्र सरकारनं निवडणूक नियम ९३ बदलून सीसीटीव्हीसारख्या नोंदी लोकांनी पाहण्याची वाट अडवली. निवडणूक पारदर्शक झाली असं पत्रक काढायचं आणि काच काळी करायची, याला काय म्हणायचं?

म्हणून मागणी साधी आहे. दहाही मतदारसंघांतल्या प्रत्येक केंद्राचा १७-सी आणि त्याच केंद्राचा नमुना २० मधला, म्हणजे मोजणीनंतरच्या अंतिम निकालपत्रकातला, आकडा शेजारीशेजारी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका. तिरक्या स्कॅनचे फोटो नकोत, शोधता येईल असा तक्ता द्या. त्यात कुणा मतदाराचं नाव नसतं, गुप्ततेचा प्रश्न येत नाही. पुढच्या विधानसभा-लोकसभेला १७-सी मतदानाच्या रात्रीच टाका, नमुना २० चा आकडा मोजणी झाली की त्याशेजारी. आकडे जुळले तर कट्ट्यावर तोंड उघडायची सोय राहणार नाही. न जुळले तर कुठल्या केंद्रावर, किती आणि का, ते विचारता येईल.

१७-सी एजंटालाच द्यायचा, जाहीर करण्याचं बंधन नाही, हे आयोगाचं म्हणणं ठाऊक आहे. बंधन नसेल, पण बंदी आहे का? असल्यास कोणत्या नियमानं, ते लेखी कळवा. हे पत्र खुलं आहे, उत्तरही खुलंच द्या.

आपला,
एक माजी बूथ एजंट
मंगळवार पेठ, कोल्हापूर